जुन्या ट्रॅक्टरने वाट काढली

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जोराचा बर्फ पडला, की आमच्या शेजारच्या गोठ्यापर्यंत दुधाचा टँकर पोचत नाही. टाकी भरली की दूध ओतून द्यायची पाळी येते. म्हणून मी १९५१ सालचा फोर्ड ८एन ट्रॅक्टर दुरुस्त केला. त्याची बॅटरी अवघी ६ व्होल्टची. व्होल्ट कमी, म्हणून करंट जास्त लागतो. गंजलेली जोडणी तो अडवते. मी जोडण्या घासल्या, जाड केबल घातली, कार्बोरेटर धुतला, थंडीत घट्ट न होणारे पातळ तेल भरले. चाकांना साखळ्या बांधल्या, मागे पाते जोडले. आता पहाटेच वाट मोकळी होते. तुमच्याही गोठ्यामागे जुने यंत्र पडले असेल, तर भंगारात घालण्याआधी त्याच्या जोडण्या एकदा घासून पाहा.