तेरा वॉल्ट्झ

मला जुन्या पियानोवादकांच्या रेकॉर्ड्स ऐकायचा नाद आहे. "ती खरखर कशी सहन होते गं?" असं वर्गातल्या मुली विचारतात. खरं म्हणजे दोन मिनिटांनंतर ती ऐकूच येत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाज कुठे जाणवतो?

पण दिनू लिपात्तीबद्दल एकदा आमच्या सीनियरने वेगळंच विचारलं. "तू त्याचं वादन ऐकतेस, की त्याचं आजारपण?" प्रश्न बोचला.

हा रुमानियाचा वादक. १६ सप्टेंबर १९५० ला फ्रान्समधल्या बझाँसाँ इथे त्याची शेवटची मैफल झाली. वय ३३, हॉजकिन्सच्या आजाराने शरीर पोखरलेलं. शोपँचे १४ वॉल्ट्झ ठरले होते. तेरा झाले, चौदावा त्याच्याच्याने वाजवेना. २ डिसेंबरला तो गेला. हे सगळं आधी माहीत असलं की कान भाबडे होतात, हे मान्यच.

म्हणून एक केलं. त्याच वर्षी जुलैत, औषधाने जरा उभारी आली असताना, त्याने जिनिव्हात बाखचा पहिला पार्टिटा रेकॉर्ड केला होता. बझाँसाँची मैफलही त्यानेच सुरू होते. होस्टेलवरच्या मैत्रिणीला दोन्ही ऐकवले, गोष्ट न सांगता. ती गाणं शिकते, पियानोशी तिचा काही संबंध नाही. आजारी माणूस कुठला, हे तिला ओळखता आलं नाही, ती म्हणाली, "अगं, हा दुसरा आधी सा लावतोय!"

खरंच की! बझाँसाँला पार्टिटा सुरू करण्याआधी तो खालून वर सुरांची एक छोटी लड उलगडतो. पियानो कसा बोलतोय ते बघतो, आणि मग बाख. त्या काळी वादक मैफलीत असं करत. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर ते कशाला ठेवतील? मी ते कितीदा तरी ऐकलं होतं, पण माझं सगळं लक्ष पुढच्या तेराव्या वॉल्ट्झकडे.

आता मी सुरुवातच दोनदा ऐकते. आणि वॉल्ट्झ? ते तर नाचरे आहेत, त्यांत कुठे कण्हणं नाही. राहिलेला चौदावा, ए-फ्लॅट मेजरमधला, जुलैच्या रेकॉर्डवर पूर्ण आहे. मैत्रीण म्हणते, तेरावा संपला की तो जोडून लाव ना. मी लावत नाही.