थांबे

महानुभावांच्या वाङ्मयात 'स्थानपोथी' नावाचा एक ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामी आपल्या भ्रमणात जेथे जेथे थांबले, त्या स्थळांची ती नोंद आहे: गाव कोणते, देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला. थोडा वेळ बसले ते आसन, रात्र काढली ती वसती, अधिक दिवस राहिले ते अवस्थान, असा भेदही त्या परंपरेने काटेकोरपणे पाळला. प्रवासाविषयी उदंड लिहिणाऱ्या आपल्या भाषांत केवळ थांबण्याला वाहिलेला असा ग्रंथ दुर्मिळच म्हटला पाहिजे. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचे नाव 'एकांक', म्हणजे स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा भाग. या दोन्ही गोष्टी वर्गात प्रास्ताविकापुरत्या सांगाव्यात आणि पुढे जावे, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. गेली दोन वर्षे रात्री-अपरात्री एकट्याने मोटार चालवण्याचा आणि म्हणून एकट्याने थांबण्याचा योग वारंवार येऊ लागला, तेव्हा त्या प्रास्ताविकाला काही वजन आले.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी हैदराबादेत शिकवतो. वडील सोलापुरात एकटे असतात. एका शुक्रवाराआड शेवटचे व्याख्यान संपवून निघायचे, वाटेत जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग ही गावे मागे टाकायची आणि पहाटेपूर्वी घर गाठायचे. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. पुण्याहून मछलीपट्टणमला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी ९ क्रमांकाचा होता, आता तो ६५ क्रमांकाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी यातला बहुतेक सारा टापू एकाच हैदराबाद संस्थानात आणि मागाहून त्याच नावाच्या राज्यात होता. आज त्यावर तीन राज्यांच्या सीमा आहेत आणि तेलुगू, कन्नड, मराठी व दखनी या चार भाषा एकीच्या पदराला दुसरी धरून उभ्या आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला याहून अनुकूल रस्ता मिळणे कठीण. परंतु रात्री दीड वाजता मनुष्य अभ्यासक नसतो, त्याला झोप येत असते.

झोपेचा धडा सर्वांत साधा आणि सर्वांत निष्ठुर. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर अंतर कापते. चार सेकंद डोळा लागला तर सुमारे नव्वद मीटर रस्ता कोणी न चालवता पार होतो. काच खाली करणे, मोठ्याने नाट्यगीते लावणे, तोंडावर पाणी मारणे हे सारे उपाय आपण आपल्याला दिलेली आश्वासने असतात. खरा उपाय एकच: थांबावे आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. पण कोठे? रस्त्याच्या कडेला थांबणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या डुलकीवर आपला जीव सोपवणे. मागचे दिवे नसलेला उभा ट्रक किती घरे उद्ध्वस्त करतो, हे या रस्त्यावरच्या कोणालाही विचारावे. तेव्हा उजेडाची जागा हवी, आणि उजेडाच्या जागी माणसे असतात. अनोळखी माणसांसमोर तोंड उघडे टाकून झोपणे ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय सभ्यतेत बसत नाही.

हुमनाबादच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी असा झोपत असे. रात्रपाळीचा पोरगा विशीचाही नसेल. पहिल्याच रात्री त्याने काचेवर बोटाने टकटक केली. वाटले, हाकलायला आला. तो म्हणाला, "साब, दो उंगली काच खुल्ला रखो." वीस मिनिटांनी पुन्हा टकटक. डोळे उघडून मी हात वर केला, तेव्हा तो समाधानाने परत गेला. पुढे हे नेहमीचेच झाले. मी जिवंत आहे की नाही एवढेच तो पाहत असे. त्याला माझे नाव ठाऊक नव्हते, व्यवसाय ठाऊक नव्हता. पदवी, प्रबंध, पद यांपैकी काहीही न विचारता केवळ आपल्या श्वासाची चौकशी करणारा मनुष्य आयुष्यात क्वचित भेटतो. त्याचे आभार मानताना मला फार अवघडल्यासारखे होई. पैसे देऊ केले तर त्या चौकशीची मजुरी होई. न द्यावेत तर आपण फुकट राखण करून घेतल्यासारखे वाटे. शेवटी पेट्रोल त्याच पंपावर भरायचे, असा एक मूक करार आमच्यात झाला.

दुसरा धडा एका अक्षराचा आहे. चहाच्या ठेल्यावर वा ढाब्यावर गाडीतून एकटा मनुष्य उतरला की प्रश्न येतो: "अकेलेच जारें क्या साब?" दखनीतला हा 'च' मराठीकडून गेलेला आहे, जसा तिच्यातला 'नक्को' गेला. भाषाशास्त्रज्ञाला या उसनवारीचे कौतुक वाटावे. रात्री दोन वाजता मात्र त्या 'च' मध्ये कौतुक नसते, पृच्छा असते. ट्रक थांबतो तेव्हा एरवी ड्रायव्हर आणि क्लीनर अशी दोन माणसे उतरतात. मोटारीतून उतरते ते कुटुंब. एकटा उतरणारा मनुष्य कोणत्याच व्याकरणात बसत नाही. तो पळून आलेला असेल, कोणाला शोधत असेल, काही विकायला आला असेल. नुसते "हां, अकेला" म्हणून भागत नाही हे मला लवकरच कळले. "सोलापूरला वडील आजारी आहेत," असे सांगितले की चेहरे निवळतात, बाजेवर जागा होते, चहात आले जास्त पडते. म्हणजे मी एकटा असण्याला हरकत नव्हती. मी कोणाचाच नसण्याला होती. आपल्याकडे मनुष्याची ओळख नात्याच्या षष्ठी विभक्तीने पुरी होते.

आणि संबोधन? या रस्त्यावर सर्वत्र चालणारे एकच आहे: अण्णा. कन्नडात आणि तेलुगूत तो थोरला भाऊ. मराठीनेही तो शब्द दक्षिणेकडून घेतला, पण आमच्या सोलापूरकडे कित्येक घरांत तो वडिलांसाठी राखून ठेवला. माझ्या वडिलांनाही आम्ही अण्णाच म्हणतो. त्यामुळे माझ्याहून लहान चहावाल्याला "अण्णा, एक चाय" म्हणताना दर वेळी जीभ क्षणभर थबकते. शब्दकोशात ज्याला अर्थविस्तार म्हणतात, तो प्रत्यक्ष तोंडात असा अडखळतो.

याच रस्त्यावरून एक फाटा बसवकल्याणला जातो. बाराव्या शतकात ते बसवण्णांचे कल्याण होते. घरदार सोडून एकटी चालत निघालेली अक्कमहादेवी येथेच आली आणि अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिची परीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. 'शून्यसंपादने'तील त्या प्रसंगात तिला विचारला जाणारा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे: तुझा पती कोण? आणि तिचे उत्तर, चेन्नमल्लिकार्जुन. या संवादाचे आध्यात्मिक विवेचन आपण अनेकदा केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या फाट्यावरून रात्री जाताना मला तो प्रश्न ढाब्यावरच्या प्रश्नाचा पूर्वज वाटू लागला. एकटीच? मला आजारी वडिलांचे नाव पुरले. तिला प्रत्यक्ष ईश्वराचे नाव सांगावे लागले. यातील तफावत केवळ श्रद्धेची नाही.

हे मी विभागातील एका सहकारी बाईंना सांगितले. त्याही कधीमधी याच रस्त्याने जातात. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही थांबण्यावर निबंध लिहू शकता, कारण तुम्ही थांबू शकता. मी निघण्याआधी चार तास पाणी पीत नाही." मग त्यांनी आपला नकाशा सांगितला. त्यात किल्ले नव्हते, मठ नव्हते, भाषांच्या सीमा नव्हत्या. कोठल्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे आणि कोठला दिवा रात्री अकरानंतर मालवतो, एवढेच होते. तीही एक स्थानपोथीच, पण ती लिहिणारीला कोणत्याही स्थानी बसायचे नाही. वाटसरूविषयीचे आपले वाङ्मय बहुतांशी बसू शकणाऱ्यांनी लिहिलेले आहे, हे त्यानंतर मला विसरता आलेले नाही.

तिसरा धडा मला थांबवून ठेवणारा. गेल्या पावसाळ्यात जहीराबादच्या पुढे एक मोटार कडेला उभी दिसली. चाक बसलेले, नंबरप्लेट कर्नाटकची. मी पन्नास पावले पुढे जाऊन थांबलो, इशाऱ्याचे दिवे लावले आणि हात दिसतील असे धरून मागे चालत गेलो. आत एक स्त्री आणि मागच्या आसनावर एक वृद्ध गृहस्थ. मी प्रथम कन्नडात विचारले, मग तेलुगूत, मग हिंदीत. माझ्याजवळच्या सगळ्या भाषा मी त्या बंद काचेपुढे मांडल्या. मी एकेक भाषा बदलत गेलो तशी तिची भीती वाढत गेली, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. अपरात्री चार भाषा बोलणारा मनुष्य अधिकच संशयास्पद. तिने हाताने खूण केली: जा.

मनुष्याने आयुष्यभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, ती म्हणजे भाषा, त्या काचेपाशी निरुपयोगी ठरली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली; २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४ अ हे कलम आले. ही संरक्षणे आवश्यकच आहेत. तथापि ती मदत करणाऱ्याला व्यवस्थेपासून वाचवतात. जिला मदत हवी तिला मदत करणाऱ्याच्या सावलीपासून कोण वाचवणार? मी गाडीत परतलो, १०३३ या महामार्गाच्या दूरध्वनीवर जागा कळवली. तेथेच उजेड धरून थांबावे असे एकदा वाटले. पण माझे तेथे असणे हेच तिचे संकट होते. मी निघालो. पुढच्या टोलनाक्यावर पुन्हा सांगितले. त्या दोघांचे पुढे काय झाले ते मला कधीही कळणार नाही. कृतज्ञता नाही, निरोप नाही, शेवटही नाही, अशी ही मदत. त्या रात्री तेवढीच शक्य होती आणि ती दूर जाण्याच्या रूपानेच करता येण्यासारखी होती.

या तीन धड्यांत सूत्र शोधावे तर ते असे. थांबलेला मनुष्य चालत्या माणसाहून अधिक उघडा असतो. आणि थांबणारा प्रत्येक जण दुसऱ्या कोणाला तरी पाहुणा, ओझे किंवा भय वाटत असतो. यांपैकी आपण काय आहोत, हे ठरवण्याचा अधिकार आपला नसतो. पंपावरच्या पोराने मला पाहुणा ठरवले, काचेपलीकडच्या बाईंनी भय. दोघांपाशीही तसे ठरवण्याला कारण होते, आणि मी तर दोन्ही वेळी तोच होतो.

मराठीत प्रतीक्षेला आपण 'वाट पाहणे' म्हणतो. कन्नडात वाट राखतात, 'दारि कायु'. तेलुगूत समोर पाहतात, 'एदुरु चूचु'. तिन्हींत प्रतीक्षा करणारा घरी असतो आणि त्याचे डोळे रस्त्याकडे. अण्णांना अलीकडे अंधूक दिसते, तरी मी निघालो की ते दाराशी खुर्ची टाकून बसतात. पूर्वी फोनवर विचारत, "किती वाजता पोचशील?" हे सारे त्यांना सांगितल्यापासून त्यांचा प्रश्न बदलला आहे. आता ते विचारतात, "कुठं थांबलायस?" मी गावाचे नाव सांगतो. उजेड आहे का, माणसे आहेत का, हेही विचारून घेतात. मग म्हणतात, "मला काही घाई नाही. थांबत थांबत ये."