उतरलेली बॅटरी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या आषाढातली गोष्ट. पाटण खोऱ्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. आणि ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगून तो कळणार नाही. अशा पावसात पहाटे सहाला आमच्या दारात आबांची वडापची जीप उभी होती. दुधाच्या किटल्या आत चढल्या होत्या, बाजाराला निघालेल्या दोन बाया पदर सावरून बसल्या होत्या. आबांनी किल्ली फिरवली. बॉनेटखालून नुसता 'कट्' असा आवाज आला आणि पुन्हा पावसाचाच आवाज ऐकू येऊ लागला.

त्या आठवड्यातली ती तिसरी वेळ. चौघांनी चिखलात पाय रोवून धक्का मारला, तेव्हा उतारावर इंजिन कसेबसे धडधडले. बाया म्हणाल्या, "आबा, उद्यापासनं आमी यष्टीनंच जातो." आबा काही बोलले नाहीत.

नाक्यावरच्या मिस्त्रीने बॉनेटही नीट न उघडता निदान केले. "चार वर्सं झाली न्हवं? बॅटरी बसली. नवी टाका." नवी बॅटरी म्हणजे आठ हजारांच्या आसपास. घरात तेवढेच पैसे होते, पत्र्याच्या डब्यात. ते होते माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे, एस. टी.च्या पासाचे आणि राहिलेल्या दोन विषयांच्या परीक्षा-अर्जाचे.

हो, राहिलेल्या दोन विषयांच्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी इंग्रजी आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांत मी सपशेल आपटलो होतो. निकाल लागल्यापासून महिनाभर मी देवळाच्या पारावर बसून होतो. पुस्तक उघडले नव्हते.

त्या संध्याकाळी मामा आले होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "दाजी, पोराचं आन् बॅटरीचं दुखणं एकच हाय. बॅटरी बदला, आन् पोराचा धंदाबी बदला. बसवा गाडीवर."

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेले नाही. मामांचे बोलणे ऐकून मला वाईट वाटायला हवे होते. पण मला सुटल्यासारखे वाटले. बॅटरी खरोखरच गेलेली असेल, तर कॉलेज सोडायला एक मानाचे कारण मिळणार होते. 'नापास झाला म्हणून सोडले' असे म्हणण्याऐवजी 'घरासाठी सोडले' असे लोक म्हणणार होते. म्हणून मीच पुढे होऊन म्हणालो, "मिस्त्री बरोबर सांगतोय आबा. तुम्हाला त्यातलं कळत नाही. टाका नवी."

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिले. म्हणाले, "उद्या कराडला जाऊ. काकांना दाखवू. मग ठरवू."

काका म्हणजे कराडमध्ये बॅटऱ्या चार्ज करून देणारे एक म्हातारे गृहस्थ. सारी हयात त्यांनी मोटारींच्या वायरिंगमध्ये घालवली. दुसऱ्या दिवशी धक्का मारूनच जीप सुरू केली आणि वाटेत कुठेही इंजिन बंद न करता त्यांच्या दुकानापुढे आणून उभी केली. मी उतरताक्षणीच मिस्त्रीचे निदान त्यांना ऐकवले. ते हसले. "गेली की राहिली, ते मागाहून बघू. आधी ती उपाशी हाय का, ते बघू."

त्यांनी आधी काळी, म्हणजे निगेटिव्हची वायर सोडली, मग लाल. बसवताना याच्या उलट. नाहीतर लाल सोडताना पान्हा गाडीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आला होता. तो त्यांनी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढला. "निम्म्या बॅटऱ्या या घाणीपायीच मेल्या म्हणून भंगारात जात्यात," ते म्हणाले.

मग त्यांनी मीटर लावला. आकडा आला 11.8. मी मनाशी म्हटले, बारातले अकरा पॉइंट आठ, म्हणजे जवळजवळ भरलेलीच की! माझा हिशेब ऐकून काकांना हसू आवरेना. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण भरली की विसाव्याच्या वेळी 12.6 दाखवते, निम्मी असली की 12.2 च्या आसपास, आणि 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. सारा खेळ एका व्होल्टच्याही आतला.

पुढे त्यांनी हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी. एकेका सेलचे बूच काढून थोडे अ‍ॅसिड वर ओढायचे आणि काडी कुठवर तरंगते ते पाहायचे. भरलेल्या सेलमधले अ‍ॅसिड जड असते. सेल उतरला की त्यातले गंधकाम्ल प्लेटांत जाते आणि मागे उरणारे द्रव पाण्याकडे झुकते. पाच सेलनी 1130 दाखवले, सहाव्याने 1110.

"म्हणजे गेलीच ना?" मी विचारले. माझ्या आवाजातली घाई त्यांच्या ध्यानात आली असावी. हायड्रोमीटर बाजूला ठेवून ते म्हणाले, "चार दिसाच्या उपाशी गड्याला पोतं उचलाय लावायचं, आन् उचललं न्हाय की म्हनायचं ह्यो कामातनं गेला. असं असतंय व्हय? उतरलेल्या बॅटरीची परीक्षा घेता येत न्हाय, पोरा. आधी भरायची, मग तपासायची."

परीक्षा हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. मला मात्र तो लागला.

बॅटरी 80 अँपिअर-अवरची. त्यांनी आठ अँपिअरवर ती लावली. शंभरास दहा या मानाने सावकाश भरायची, ही त्यांची रीत. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटा तापतात. सेलमध्ये पाणी कमी होते, तिथे डिस्टिल्ड वॉटर घातले. अ‍ॅसिड कधी वरून घालायचे नसते. आबांनी सवयीने विडी काढली, तशी काकांनी ती पेटवण्याआधीच काढून घेतली. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि एक ठिणगी पुरे होते.

ती रात्र आम्ही बापलेकांनी जीपमध्येच काढली. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. बऱ्याच वेळाने आबांनी विचारले, "इंग्रजीत किती पडलं तुला?"

"बावीस."

"शंभरात?"

"हो."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बावीस म्हंजे शून्य न्हवं." आणि कूस वळवून झोपले.

मला मात्र झोप आली नाही. महिनाभर आपण पारावर नुसते बसून राहिलो, हे एकसारखे आठवत होते. काकांनी संध्याकाळीच सांगितले होते, की बॅटरी उतरते तेव्हा ती मरत नाही. उतरलेल्या स्थितीत तशीच पडून राहिली, म्हणजे मरते. प्लेटांवर सल्फेटचा थर जमतो, तो कडक होतो, आणि मग कितीही चार्ज केले तरी उपयोग होत नाही.

पहाटे चार्जर बंद केला. मीटरने 13 च्या वरचा आकडा दाखवला. मी उत्साहाने तो वहीत लिहून घेऊ लागलो, तर काका म्हणाले, "लिहू नगंस. ह्यो आकडा खोटा हाय." चार्जिंग नुकतेच थांबलेले असते तेव्हा वरवरचा जोर दिसतो. काही तास बॅटरीला विसावा द्यायचा आणि मग उरेल तो आकडा खरा धरायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून येणारा आत्मविश्वास मला ओळखीचा होता. मी मुकाट्याने वही मिटली.

दुपारी पुन्हा मोजले. 12.46. पाच सेल 1240 वर, सहावा 1220 वर. काकांनी समजावले, की सेलासेलांत थोडा फरक असायचाच. एखादा सेल बाकीच्यांच्या पन्नास अंशांनी मागे राहिला आणि चार्ज करूनही वर आला नाही, तर तो गेला असे समजायचे. मग मात्र जीव लावण्यात अर्थ नाही. इथे फरक वीसचा होता. शेवटी त्यांनी टेस्टरने जोराचा भार दिला. काटा खाली आला, पण दहाच्या खाली गेला नाही.

"म्हातारी झालीय," ते म्हणाले, "पर जिती हाय."

मग त्यांनी असे काही विचारले, जे मिस्त्रीनेही विचारले नव्हते आणि मीही नाही. "बॅटरी चांगली हाय, तर मग ती उतरली कशानं?" जीप सुरू करून त्यांनी चालत्या इंजिनावर मीटर धरला. आकडा पुन्हा साडेबाराच्याच घरात. इंजिन चालू असताना तो 13.8 ते 14.4 च्या दरम्यान चढायला हवा. अल्टरनेटरचा पट्टा बोटाने दाबला तर सैल लागला. तो नुसता घसरत होता. बॅटरी रोज देत होती, पण तिला परत मिळत नव्हते. पट्टा ताणून बसवताच आकडा 14.1 झाला. आठ हजारांची नवी बॅटरी टाकली असती, तर तीही आठवड्याभरात अशीच उतरली असती.

येताना आबांनी वाटेत चहासाठी इंजिन बंद केले. चहा झाल्यावर किल्ली फिरवली, आणि जीप एका दमात सुरू झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. 'तुम्हाला कळत नाही' हे माझे शब्द मला तेव्हा नको इतके आठवले.

डब्यातल्या पैशांतून माझी फी भरली गेली. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या विज्ञानकोशात वाचले, की शिशाची ही भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली केली. मी कला शाखेचा विद्यार्थी; पण ते पान मी दोनदा वाचले.

बॅटरी आणखी सहा महिने चालली. पौषातल्या थंडीत पुन्हा 'कट्' असा आवाज आला, तेव्हा आबांनी कुणाला विचारले नाही. पट्टा पाहिला, टर्मिनल पाहिले, बॅटरी काकांकडे रात्रभर लावली. पाच सेल वर आले, एक 1100 वरच बसून राहिला. आबा शांतपणे म्हणाले, "आता हिचं झालं." तोवर त्यांनी थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. जुनी दुकानात परत दिली, तिच्या शिशाचे पैसे वजा करून नवी आणली.

माझे अर्थशास्त्र सुटले आहे. इंग्रजी अजून राहिले आहे. बावीसाचे एकतीस झाले. निकाल कळल्यावर मामा आले आणि म्हणाले, "दाजी, आजून किती दिस?"

आबा जीप पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "चार्जिंगला लावलाय. थोडं थांबा."