कुंपण

मराठी भाषेने कुंपणाला फारसा मान दिलेला नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण कोत्या बुद्धीच्या माणसाविषयी म्हणतो. आणि रक्षकच भक्षक झाला की कुंपणानेच शेत खाल्ले म्हणून कपाळाला हात लावतो. वर्षानुवर्षे बिनबोभाट राखण करणाऱ्या कुंपणाचे कौतुक करणारी म्हण माझ्या तरी ऐकिवात नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत या विषयाचे अगत्य नव्हते.

बेळगावातील आमच्या घराला पुढच्या बाजूस जांभ्या दगडाचा गुडघाभर उंचीचा गडगा आणि उरलेल्या तीन बाजूंना कडू मेंदीची जुनी वई. वईत दोन-तीन ठिकाणी माणूस सहज जाईल एवढी भगदाडे. त्यांतल्या एका वाटेने शेजारच्या अज्जी कढीपत्ता न्यायला येत आणि जाताना नानांशी कानडीत चार शब्द बोलत. कुंपण असून नसल्यासारखे, आणि ते तसेच बरे होते.

नाना म्हणजे माझे वडील. ज्या शाळेच्या अंकात हे लिहीत आहे तेथेच त्यांनी भूगोल शिकविला. आजच्या विद्यार्थ्यांच्या घरी त्यांची छडी आठवणारी मंडळी असतील. अलीकडे त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे. या विकारात माणूस बहुधा जुन्या, पायाखालच्या वाटेने निघतो. नाना सकाळी दहाच्या सुमारास छत्री घेऊन शाळेला निघत. गेल्या मे महिन्यात एके दिवशी ते शाळेच्या वाटेवर न सापडता संध्याकाळी रेल्वेच्या रुळांजवळ सापडले. एका भाजीवाल्याने त्यांना पाणी देऊन बसवून ठेवले होते. डॉक्टरांनी सांगितले, “यांना खोलीत कोंडू नका. हिंडू द्या, पण हद्द आखून द्या.” हद्द आखून द्यायची, म्हणजे कुंपण घालायचे.

तेव्हा कळले की कुंपण निवडणे हा प्रथमतः पैशाचा प्रश्न नव्हे. कशासाठी, हे ठरले की अर्धी निवड आपोआप होते. काटेरी तार सर्वांत स्वस्त. अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये तिच्या एका प्रकाराचे पेटंट घेतले. लाकूड दुर्मीळ असलेल्या माळरानांवर गुरे आवरण्यास ती उपयोगी पडली. पुढे १९१४ च्या महायुद्धात तीच तार खंदकांपुढे माणसांसाठी पसरली गेली. तार ओळखून दूर राहण्याइतके भान ज्याला उरलेले नाही, त्याच्यासाठी काटे लावणे मला शक्यच नव्हते. उंच भिंत टिकाऊ खरी, पण तिच्याआड नानांना रस्ता दिसला नसता, आणि रस्त्याला नाना दिसले नसते.

माझे मन जुन्या वईकडे ओढ घेत होते. जिवंत कुंपणाचे सामर्थ्य आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. मिठावरचा कर चुकवून मीठ नेणाऱ्यांना अडविण्यासाठी इंग्रजांनी जकातीची रेषा आखली. १८७० च्या सुमारास ती दोन हजार मैलांहून लांब होती. तिच्या बऱ्याच भागावर, पंजाबपासून आपल्या बऱ्हाणपुरापर्यंत, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची काटेरी वई वाढविण्यात आली. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूमसाहेबांनीच एके काळी या वईची जोपासना केली होती. तिच्यावर हजारो पहारेकरी नेमावे लागत. १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली. नाना हा भाग वर्गात फार रंगवून सांगत. परंतु मेंदी माणूस अडविण्याइतकी दाट होण्यास दोन-तीन वर्षे हवीत, आणि आम्हांला ती थांबता येत नव्हती. म्हणून तारेची जाळी लावायची व तिच्या आतून मेंदी, असे ठरविले.

मग ठेकेदारांचा शोध. पहिल्या गृहस्थांनी जागा न पाहताच फोनवर आकडा सांगितला. त्यांना मी आभार मानून सोडले. दुसरे आले. सिमेंटच्या तयार फळ्यांची भिंत किती झटपट उभी राहते याचे त्यांनी सुरस वर्णन केले. फुटाचा दर कमी होता. मात्र विचारल्यावर समजले की त्यात फाटक नाही, कोपऱ्याच्या खांबांचे तिरपे टेकू नाहीत आणि जुन्या वईची मुळे काढणे तर मुळीच नाही. फुटाचा दर विचारू नये असे नाही. पण त्या फुटात काय काय येते, ते आधी विचारावे.

तिसरा माणूस पहार घेऊन आला. त्याने तीन ठिकाणी जमिनीत पहार मारून पाहिली आणि म्हणाला, “पुढं लाल माती हाय सर, घट्ट. मागं काळी लागत्या. तिथं खड्डा जास्त घ्यायला पायजे.” काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब तिरपे करते. नंतर त्याने विचारले, “आत येणारं अडवायचं की बाहेर जाणारं?” मी ओसरीकडे पाहिले. तो समजला. माझ्या मते काम त्याच क्षणी त्याचे झाले होते. तरी मी त्याने वर्षापूर्वी केलेले एक कुंपण जाऊन पाहिले आणि कोपऱ्याचा खांब हलवून पाहिला. जाळीचा सारा ताण कोपरेच सोसतात. ते ढळले नाहीत तर मधले सहसा ढळत नाहीत.

आमची जागा साठ फूट बाय पन्नास. दहा फुटांचे फाटक वगळता २१० फूट जाळी. दहा फुटांवर एक खांब घेतला तर पैसे वाचतात, पण जाळीला झोळ येतो. आम्ही आठ फुटांवर घेतला. खांब सात फुटांचे, त्यांतले दोन फूट जमिनीत. मागच्या बाजूस आणखी अर्धा फूट खोल. जाळीच्या तारेचा क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बारा नंबरपेक्षा दहा नंबर जाड. हे सर्व एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पैसे तीन हप्त्यांत: साहित्य आल्यावर, खांब उभे राहिल्यावर, आणि शेवटचा पाऊस सरल्यावर. शेवटच्या हप्त्याला तो किंचित कुरकुरला, मग म्हणाला, “चालतंय. पावसात खांब हलला तर मी येतो की.”

हद्दीचे दगड शोधताना अज्जींचा मुलगा हजर होता. मोजणीचा नकाशा दोघांनी मिळून पाहिला आणि कुंपण आमच्या बाजूस एक वीत आत घ्यायचे ठरले, म्हणजे दुरुस्तीचा भार आमचा व वादाला जागा नाही. अज्जी मात्र नाराज होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की माझी वाट बंद करू नका. नानांना कधीकधी माझे नाव आठवत नाही. पण अज्जींनी हाक मारली की ते कानडीत नीट उत्तर देतात. ती वाट बंद करणे मलाही परवडणारे नव्हते. तेथे अडीच फुटांचे लहान दार ठेवले. त्याची कडी अज्जींच्या बाजूस आहे.

खांबांचे खड्डे आखताना नाना उठून आले आणि दोरीचे दुसरे टोक त्यांनी हातात घेतले. “सैल सोडू नका, माप चुकेल,” ते ठेकेदाराला म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, “हे कशासाठी?”

“गुरांसाठी,” मी म्हणालो.

“गुरे आत आहेत की बाहेर?”

ठेकेदाराने मान खाली घालून ओळंबा पुन्हा लावला. मी काही बोललो नाही.

आता नाना दहा वाजता छत्री घेऊन फाटकापाशी जातात. कडी बाहेरून आहे. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. शाळेला जाणारी मुले जाळीपलीकडून “नमस्कार सर” म्हणतात आणि ते एखाद्याला उशीर झाल्याबद्दल रागावतात. मुलेही “हो सर” म्हणून पावले उचलतात. काही दिवशी ते जाळीला हात लावून बराच वेळ उभे असतात. तेव्हा मला आतून पाहवत नाही, म्हणून मीच बाहेर जाऊन त्यांना चौकापर्यंत फिरवून आणतो.

पावसात मागचा एक खांब बोटभर कलला. ठेकेदार बोलाविल्यावर दुसऱ्या दिवशी आला आणि सरळ करून शेवटचा हप्ता घेऊन गेला. मृगात लावलेली मेंदी आता गुडघ्याला लागते आहे.