कापूस गेला, बाजा आला

यवतमाळ जिल्ह्याला देवाने पुष्कळ काही दिले. समुद्र तेवढा दिला नाही. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, पुसदकडचे डोंगर आणि मधे काळ्या जमिनीवर नजर पोचेल तिथवर कापूस. मुंबईचा किनारा इथून सुमारे सातशे किलोमीटर. तेव्हा समुद्राची आणि आमची गाठ पडते ती भूगोलाच्या पुस्तकात. तरीही आगबोटीवरच्या बाजाशी आमच्या मातीचे जुने नाते आहे, हे मला मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका सहलीच्या बोटीवर उमगले.

कोकणची जुनी आगबोट चाकरमान्यांची होती. वळकट्या, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या आणि बंदर आले की उडणारी झुंबड! तो जमाना संपला. आताची सहलीची बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारे हॉटेलच. हिच्यात बसायचे ते पोचण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी!

मुंबईचे दिवे मागे पडले आणि जेवणघरात पाचजणांचा बँड उभा राहिला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, माणसाहून उंच डबल बास आणि ड्रम. "आता हे इंग्रजी संगीत कोण ऐकणार?" असे म्हणत आमच्या मंडळींनी बडीशेप तोंडात टाकली, पण पाचच मिनिटांत त्यांचे पाऊल टेबलाखाली ताल धरू लागले. तेवढ्यात ट्रम्पेटने 'शोला जो भडके'ची चाल उचलली. "अहो, हे तर आपल्या वरातीत वाजलं होतं!"

खरेच वाजले होते. यवतमाळात लग्नाच्या बँडने ही चाल वाजवली नाही, तर वऱ्हाडी पुढे सरकतील की नाही याची शंकाच आहे.

या बाजाला 'स्विंग' म्हणतात. स्विंग म्हणजे झोका, आणि नाव अगदी चपखल आहे. दोन सारख्या स्वरांपैकी पहिला किंचित लांबवायचा, दुसरा आखडता घ्यायचा. की सरळ चालणारा ठेका डुलू लागतो. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी पांदणीने निघाली म्हणजे अशीच डुलते.

विश्रांतीच्या वेळी मी ट्रम्पेटवाल्या गृहस्थांशी बोललो. साठी ओलांडलेले, गोव्यातल्या साष्टीचे. "आमच्याकडे चर्चच्या शाळेत आधी सूर वाचायला शिकवतात, मग अक्षरं," ते हसून म्हणाले. "तुमचा गाव कुठल्या बंदराजवळ?"

"बंदर नाही. आमच्याकडे कापूस आहे."

"मग तुमचा कापूस आमच्याआधी बोटीत चढला असणार!"

ते थट्टेने बोलले, पण बोलले ते खरे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिशांनी घातली ती कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईला आगबोटीत, आणि उतरायच्या त्या विलायतेत, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. या गाडीचे १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच. १९९४पर्यंत ते राबले. आपली लाडकी शकुंतला ती हीच. आता तीही धावत नाही.

ज्या बंदरातून कापूस गेला, त्याच बंदरात हा बाजा उतरला. १९३५ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक लिऑन अॅबी आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागून आणखी आले. त्यांचे वाजवणे गोव्याच्या पोरांनी कान देऊन ऐकले आणि बघता बघता आत्मसात केले. हॉटेले, संस्थानिकांचे दरबार, आगबोटी, जिथे बाजा तिथे गोवेकर. त्यांतलेच अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

१९४९च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले नाचगाणे ओसरले, आणि वादकांचा ओढा सिनेमाच्या स्टुडिओंकडे वाढला. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती कागदावर उतरवून व्हायोलिनने काय करावे, ट्रम्पेटने कुठे शिरावे, हे गोवेकर मांडायचा. १९५१चा 'अलबेला' या संगमाचेच फळ. संगीत पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे, जोडीला चिक चॉकलेट, आणि पडद्यावर नाचणारे भगवानदादा जन्माने आमच्या शेजारच्या अमरावतीचे! अमेरिकेचा झोका, गोव्याचा श्वास आणि वऱ्हाडची पावले असा हा त्रिवेणी योग. सिनेमातून ही चाल गावोगावच्या बँडवाल्यांनी उचलली आणि ती आमच्या गल्लीत आली.

पण तबकडीवर नाव असे ते गायकाचे आणि संगीतकाराचे. वाजवणारे बहुधा निनावीच. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे थोर व्हायोलिनशिक्षक. १९७७ साली त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यात त्यांचे नाव गुंफले, तेव्हा ते घरोघरी पोचले. तेही लोकांना विनोदी पात्राचे नाव वाटले. आमच्या कापसाचे तरी दुसरे काय झाले? गाठीवर व्यापाऱ्याचा शिक्का, कापडावर गिरणीचा. ज्याने तो पिकवला, त्याचे नाव कुठेच नाही.

आता तुळशीचे लग्न लागले की वराती निघतील. त्याच दिवसांत शेतात वेचणीही चालू असेल. आपल्या दारात बँड येईल. जरीचा डगला घातलेला, गाल फुगवून ट्रम्पेट फुंकणारा एखादा त्यात असेलच. बिदागी तर आपण देतोच. देताना त्याचे नावही विचारून घ्यावे.