चोखोबांची समाधी महाद्वारापाशी का?

मानवत, जि. परभणी

चि. बाळ,

स्पेनमध्ये मैत्रीला फार मान, जेवण उरकलं तरी मित्र तासन्‌तास गप्पा मारत बसतात. आपल्याकडे मात्र नातेवाइकांपुढे मित्राला किंमत नाही, असं तू लिहिलंस. पहिलं पटतं. स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोते आणि सांचो पांझा यांच्या वाटेवरच्या गप्पा 1605 पासून जग वाचत आलं आहे. दुसरं मात्र पटत नाही. आपल्याकडे नातं, जात, पंगत सगळं जन्मानंच ठरायचं, म्हणून माणसानं स्वतः निवडलेल्या सोबतीचं मोल इथे जास्तच होतं. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी का आहे, हे त्यासाठीच सांगतो.

दोघेही वारकरी संत: नामदेव शिंपी, चोखोबा महार. नामदेवांचं नरसी आपल्या शेजारच्या हिंगोलीत. 1999 पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा सांगते, नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थी बोलल्या हे कुणी मानो, न मानो. ढिगाऱ्याखाली मेलेल्या एका अस्पृश्य मजुराला देवाच्या दारात जागा मिळाली, ही समाधी तर डोळ्यांसमोर आहे.

कुणी म्हणेल, हे गुरुशिष्याचं नातं. चोखोबा नामदेवांना गुरू मानत, हे खरंच. पण मेलेल्या शिष्याच्या अस्थी शोधायला ढिगारा उपसणं गुरूच्या कर्तव्यात येत नाही, ते जिवलगच करतो. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. समाधी शेवटी दाराबाहेरच राहिली. दलितांना ते मंदिर खुलं व्हायला 1947 उजाडलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं या मैत्रीनं दार उघडलं नाही, हे कबूल करायलाच हवं; कायद्याचं काम मैत्रीच्यानं होत नाही. पण ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याच्यापुढे माथा टेकून मग विठ्ठलाकडे जायची रीत वारकऱ्यांत रुजली. तो अन्याय कुणाला झाकता आला नाही, तो या समाधीमुळेच.

म्हणून तुला एकच सांगणं: तिथे स्पेनमध्ये आपल्या मराठी मंडळींपुरताच राहू नकोस. ज्यांच्याशी ना रक्ताचं नातं, ना गावाचं, अशांना जवळ कर, आणि त्यांच्या अडीअडचणीला धावून जा.

तुझा,
काका