समुद्राचे वजन

व्यापारी घरात हौसेलाही वही चुकत नाही. सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात दोन वर्षांपूर्वी अशीच एक हौस शिरली. अकरावीत शिकणाऱ्या मुलीने कुठेतरी प्रवाळांनी भरलेल्या मत्स्यालयाची चित्रफीत पाहिली आणि दिवाणखान्यात तसाच एक छोटा समुद्र असावा, असा हट्ट धरला. वडिलांना तो हट्ट वाटला नाही. पाण्याचे वेड त्यांनाही होतेच. त्यांनी कोरी वही काढली, रिवाजाप्रमाणे वर ‘श्री’ लिहिले आणि मापे मांडण्यास सुरुवात केली.

टाकी 180 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच ठरली. तीत 648 लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून तेवढ्याच पाण्याचे वजन 664 किलोपर्यंत जाते. बारा मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला 30 किलो भरते. पाचही बाजूंची मिळून सुमारे 120 किलो. त्यात वाळू, खडक, पाणी गाळण्यासाठी खाली ठेवावयाची दुसरी टाकी आणि हे सर्व पेलणारा स्टँड मिळवला तेव्हा बेरीज एक टनाच्या वर गेली. राहत्या घराच्या खोल्यांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेली असते. येथे जवळजवळ तेवढ्याच जागेवर त्याच्या पाचपट भार येणार होता.

घर दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे इमारतीचे नकाशे घेऊन वडील प्रथम अभियंत्याकडे गेले. खोलीच्या मध्यभागी टाकी ठेवू नये, जिच्याखाली तुळई आहे त्या भिंतीला लांब बाजू लावून ठेवावी, असा सल्ला मिळाला. पुढचे काम स्टँडचे. पाहणाऱ्याचे डोळे माशांवर असतात. पण मत्स्यालय उभे राहते ते स्टँडवर. त्याचा नियम सोपा आहे. भार वरच्या चौकटीतून थेट पायांवर आणि पायांतून जमिनीवर उतरला पाहिजे. स्क्रूने जोड धरून ठेवावेत, वजन पेलू नये. खारे पाणी लोखंडाला खाते, म्हणून चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपांना वेल्डिंगनंतर पक्के रंगलेपन केले. वर जाड प्लायवूड आणि त्यावर फोमचा पातळ थर घ्यायचे ठरले, कारण काचेखाली राहिलेला एखादा खडासुद्धा तळ तडकवू शकतो. खालची टाकी पूर्ण भरायची नाही, हेही वहीत लिहिले गेले. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले काही पाणी खाली उतरते. त्याला तेथे जागा नसेल तर ते दिवाणखान्यात येते.

स्टँड तयार झाला तो गोदामात. त्याची परीक्षा घेण्याची रीतही घरचीच होती. पन्नास किलोची वीस पोती त्यावर रचली आणि पंधरा दिवस तशीच ठेवली. रोज सकाळी वडील चारही कोपऱ्यांवर पाणसळ लावून पाहत. कोठे वाक नाही, कोठे कलणे नाही. मुलीला वाटले, आता फक्त समुद्र आणायचा राहिला.

परंतु वहीची पुढची पाने लोखंडाची नव्हती. टाकी भरायला पहिल्याच वेळी सुमारे 23 किलो मीठ लागणार होते, तेही प्रयोगशाळेच्या काटेकोरपणे बनवलेले. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. प्रवाळांच्या टाकीला चोवीस ते सत्तावीस अंश तापमान मानवते आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. म्हणजे चिलर आला, त्यामागे इन्व्हर्टर आला आणि घरातील माणसे लग्नाला परगावी गेली तरी मागे कोणीतरी राहणे आले. मुलीने वाचून काढले होते की, 1846 मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. तेथे पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीपाशी उभी राहून ते पाणी रोज बराच वेळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आज ते काम पंप करतो. पण पंप थांबला की रात्री-अपरात्री ती मोलकरीण कोणाला तरी व्हावेच लागते.

मग कायद्याचे पान आले. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. ते समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे, मग कोणी दुकानदार ते कितीही सहज काढून देवो. वडिलांनी ती ओळ लाल शाईने खोडली. प्रवाळांऐवजी कृत्रिम खडक आणि पिंजऱ्यातच जन्मलेले क्लाउनफिश घ्यावेत, असा मध्यम मार्ग निघाला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास साधलेली आहे, तेव्हा त्यांच्यासाठी कोणताही खडक लुटावा लागत नाही.

हे सारे आजी ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अरे, त्यांना खायला काय घालणार?”

वडील थोडे थांबले. “आई, त्यांचे दाणे मिळतात. माशांच्या भुकटीचे असतात. वर अधूनमधून गोठवलेली कोळंबी.”

“आणि ते आपल्या स्वयंपाकघरात ठेवायचे?”

मुलगी गप्प बसली नाही. शेवाळ खाऊन राहणारेही मासे असतात, हे तिने शोधून काढले. पण त्यांतले बहुतेक अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. आणि शेवाळ तरी काय, अनंतकायच, असे आजी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध सांगितला आहे, अतिभारारोपण सांगितले आहे आणि अन्नपाननिरोधही सांगितला आहे, एवढे त्यांनी नातीला समजावले. बैलावर किती पोती लादावीत, हा विचार करणाऱ्या घराने पेटीत कोंडलेल्या जिवाचाही विचार करावा. त्याला उपाशी ठेवणे हा दोष आणि त्याचे पोट भरण्यासाठी रोज दुसरे जीव विकत आणणे हाही दोष. यातून वाट काढता येत असेल तर टाकी जरूर भरावी, त्यांची हरकत नव्हती.

वडिलांनी आठ दिवस वाट शोधली. रानातला मासा मासाच खातो, यात त्याचा दोष काहीच नाही. पण त्याला आपल्या दिवाणखान्यात आणले की त्याच्या ताटाचा जमाखर्च आपल्या नावावर पडतो, इथे ते पुन्हापुन्हा येऊन थांबत. शेवटी काचेची मागणी त्यांनी नोंदवलीच नाही. व्यापारात न केलेल्या सौद्यालाही किंमत असते, हे त्यांना नवीन नव्हते. मुलीला मात्र ते पटायला वेळ लागला. चार दिवस ती जेवणाच्या वेळी कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारले, “मग आपण प्रवाळ बघायचेच नाहीत का?”

त्या हिवाळ्यात सारे मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. पाणी चित्रफितीतल्यासारखे निळेशार नव्हते, थोडे गढूळच होते. मुलीने नळी तोंडात धरून चेहरा पाण्यात घातला तो बराच वेळ वर काढला नाही. पाय प्रवाळांना लागू नयेत म्हणून तिने गुडघे पोटाशी घेतले होते. आजी होडीत बसून होत्या. नात वर आल्यावर त्यांनी विचारले, “दिसले?” ती म्हणाली, “हो. खात होते सगळे. कोणी काही घातले नव्हते.”

स्टँड गोदामातच राहिला. पावसाळ्यात जमिनीची ओल हळदीच्या पोत्यांना लागू नये म्हणून तो कामी येतो. वीस पोती त्यावर आरामात बसतात.